कोरा पेला

श्रीमंत दूधवाल्याशी माझं बावीस वर्षांचं भांडण आहे आणि भांडणाचा विषय एकच, पाणी. रोज सकाळी तो कुंभारीहून फटफटीला दोन कॅन लावून अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कॉलनीत यायचा आणि रोज सकाळी मी पातेलं पुढं करून विचारायची, "काय श्रीमंतराव, आज विहिरीचं घातलंय का नळाचं?" तो जराही न चिडता म्हणायचा, "बाई, म्हस काल लई पाणी पिली की. तिला मी कसा आडवू?" मी पस्तीस वर्षं चौथीच्या पोरांच्या थापा ऐकल्या आहेत, पण इतक्या शांतपणे थाप मारणारा माणूस दुसरा पाहिला नाही. तरी दूध मी कधी दुसऱ्याकडून घेतलं नाही. चांगलं असायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याला एक खोड होती. भांडं पुढं केलं की माप बुडवायच्या आधी तो बोटानं दुधाचा एक थेंब भांड्याच्या तळाला सोडायचा, मग माप ओतायचा. माझा एखादा डबा परत करायचा असला तरी आत एक थेंब असायचाच. दिवसभर झाकण लावून राहिलेला तो थेंब असा आंबायचा की मला डबा दोनदा घासावा लागायचा. मी ओरडले की म्हणायचा, "जनावराच्या घरातनं कोरं भांडं भाईर जाऊ द्यायचं न्हाय, बाई. आईनं लावलेली सवय हाय."

त्याची आई मायाक्का सांगोल्याकडची. घरात शेळ्या-मेंढ्या होत्या. एका कोरड्या वर्षी शेळ्या आटल्या होत्या आणि शेजारीण तान्ह्या पोरासाठी वाटी घेऊन दारात आली. मायाक्कानं एका शेळीच्या सडातून कसाबसा एक थेंब काढून वाटीत पाडला, वर ज्वारीची पातळ आंबील ओतली आणि सात वर्षांच्या श्रीमंताच्या हातात देऊन म्हणाली, "जा, देऊन ये. कोरी न्हाय दिली आपण." हे त्यानं मला एकदा पायरीवर बसून सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्याला पाण्यावरून काही बोलले नाही.

अशा माणसाच्या नशिबात नात आली ती दूध न चालणारी.

त्याचा मुलगा सिद्धू आणि सून पिंकी आमच्या घरापासून दोन घरं सोडून भाड्यानं राहतात. सिद्धू टॉवेलच्या कारखान्यात, पिंकी युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला. त्यांची सृष्टी आता सात वर्षांची आहे. पहिल्या वाढदिवसाला तिच्या तोंडाला पेढ्याचा कण लावला तर अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की दुधाचं काहीही नको, दही नको, तूप नको, पेढा नको, दूध घातलेलं बिस्कीटसुद्धा नको. श्रीमंत तिथंच उभा होता. त्यानं विचारलं, "आन शेळीचं? शेळीचं तर औषद असतंय." डॉक्टर म्हणाले, तेही नको. शेळ्यांचा असा अपमान त्याच्यासमोर आजवर कुणी केला नव्हता. तो महिनाभर डॉक्टरांचं नाव काढत नव्हता.

पण नातीपुढं त्यानं मान तुकवली. दूध घालून झालं की आमच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, सदरा बदलायचा आणि मग तिला उचलायचा. बायको गेल्यापासून कुंभारीत एकटाच, म्हशी आणि दोन शेळ्यांसोबत. दिवसातला हा अर्धा तास त्याचा सण होता. सृष्टी शाळा सुटली की आई येईपर्यंत माझ्याकडं असते, त्यामुळं दुपारीही तो काही ना काही निमित्त काढून यायचा. पिंकी तिच्या खाण्याबाबत तलवारीसारखी. प्रत्येक पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काही घरात येत नाही. सासऱ्याला ती कधी वावगं बोलली नाही, पण त्याच्या हातचं सृष्टीला काही खायला दिलं नाही. त्याच्या हाताला दूध असतं, एवढंच तिचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं, म्हणून त्याला जास्त लागायचं.

गेल्या डिसेंबरात सृष्टी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली आणि दप्तर टाकून माझ्या ओट्यावर बसली. तिथं सगळ्या पोरांना मोठमोठ्या कपांतून हॉट चॉकलेट दिलं होतं. हिला पाण्याचा ग्लास. श्रीमंत आलेलाच होता. तिनं त्याला विचारलं, "आबा, तू सगळ्या कॉलनीला दूध देतोस. मला का नाही काही देत?"

श्रीमंत दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आला तो दुधाच्या कॅनसोबत शेंगदाण्याची पिशवी घेऊन. "बाई, तुमचा मिक्सर पायजे. शेंगदाण्याचं दूध निगतंय म्हनं. माझ्या घरात करून चालनार न्हाय, पिंकी न्हाय म्हनंल."

मी पिंकीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, तुमच्या घरात करा, तुमच्या समोर करा. मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यानं धुवा. शेंगा तिला चालतात, शेंगाचटणीशिवाय ती भाकरी खात नाही." मी माझ्या चहाचं दूध दुसऱ्या खोलीत हलवलं आणि आमची शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी शेंगदाणे कच्चेच भिजवून वाटले. गाळून उकळलं तर वास थेट शेंगाच्या आमटीचा. त्यात कोको घातल्यावर जे काही झालं ते आम्ही दोघांनी एकेक घोट घेऊन झाडाला घातलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दाणे आधी मंद भाजले, साली चोळून पाखडल्या, मग चार तास भिजवले. वाटून नव्या कोऱ्या मलमलीतून पिळल्यावर पांढरंशुभ्र निघालं. आता हा दूधवाला. त्यानं सवयीनं एक थेंब ताटाच्या पाठीवर सोडला आणि ताट तिरकं केलं. खरं दूध असलं तर मागं पांढरी वाट राहते. वाट राहिली. त्यानं ताट माझ्यासमोर धरलं.

मी म्हटलं, "दिसतंय छान. पाणी किती घातलंय यात?"

"समदं पानीच हाय की," तो म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते कबूल केलं आणि आम्ही दोघं इतकं हसलो की सृष्टी अभ्यास सोडून बघायला आली.

कोकोचा घोळ वेगळा. दुकानातून तो ऐटीत एक डबा घेऊन आला होता, वर वाफाळत्या कपाचं चित्र. मी चष्मा लावून मागचं वाचलं तर साखर पहिली आणि पाठोपाठ दुधाची भुकटी. मी डबा परत पाठवला. मग बेकरीचं सामान विकणाऱ्याकडून साधी कडू कोको पावडर आणली, पिंकीनं ती उजेडात धरून दोनदा वाचली. साखर नको, गूळ घालू, असं मी म्हटलं तर श्रीमंत दचकला. "गुळानं फाटतंय, बाई. उकळत्यात गूळ कोन घालतंय?" शेवटी खाली उतरवून, जरा निवल्यावर किसलेला गूळ घालायचं ठरलं. तरी ते पातळच लागत होतं. दोन दिवस त्यानं विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, "ज्वारीचं पीठ." कोरडं भाजलेलं एक चमचा पीठ गार पाण्यात कालवून, कोकोसोबत सोडलं आणि सतत ढवळत राहिला, जशी आंबील ढवळतात. वरून चिमूटभर मीठ आणि सुंठ. पळी वर उचलली तर धार दाट पडत होती.

सृष्टीनं माझ्या स्टीलच्या वाटीतून पहिला घोट घेतला. पिंकी दारात उभी, हातात औषधाची बाटली. अर्धा तास आम्ही तिघं त्या पोरीच्या तोंडाकडं बघत बसलो. काही झालं नाही. ती म्हणाली, "अजून." त्या आठवड्यात तीनदा केलं, तीनदा निभावलं. पिंकी एवढंच म्हणाली, "आबा, चांगलं झालंय." तो माणूस त्या दिवशी फटफटी चालू करायची विसरून ढकलत फाटकापर्यंत गेला.

जानेवारीत सृष्टीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. आजी-आजोबांनी घरून काहीतरी करून आणायचं. सृष्टीनं वर्गाच्या बाईंना परस्पर सांगून टाकलं की माझे आबा हॉट चॉकलेट आणणार. चाळीस पोरांचं करायचं तर माझ्या ओट्यावर मावणार कसं? श्रीमंतनं माझा मिक्सर नेऊन कुंभारीतल्या आपल्या घरी करायचं ठरवलं. नवं पातेलं, नवी मलमल, नवा थर्मास. पिंकी आदल्या दिवशी जाऊन सगळं घासून आली. एवढंच नाही, त्यानं बाजारातून सृष्टीसाठी एक स्टीलचा पेला आणला आणि त्यावर तिचं नाव घालून घेतलं. बाकीच्यांना कागदी कप, नातीला नावाचा पेला.

मी काही तिथं नव्हते, पिंकी सुट्टी काढून गेली होती. पोरांनी दोन-दोनदा मागून घेतलं, दुसऱ्या आज्या कृती विचारत होत्या, असं नंतर कळलं. पंधरा मिनिटांनी सृष्टी मान खाजवू लागली. मग ओठ सुजले, उलटी झाली, श्वास घुरघुरायला लागला. रिक्षातच पिंकीनं तिला औषध पाजलं, दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. मी पोचले तेव्हा पोर झोपली होती, चेहरा सुजून गोल झालेला. श्रीमंत बाहेर जिन्यावर बसला होता. नावाचा पेला त्याच्या हातात होता आणि तो त्याच्या आत बघत होता. मी खांद्यावर हात ठेवला तरी त्यानं वर पाहिलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय होतं त्यात? पिंकीनं सगळं सांगितलं. दूध नव्हतंच, तर मग शेंगदाणेच असणार, असं त्यांना वाटलं. नवी तपासणी होईपर्यंत शेंगा बंद, कोकोही बंद. पिंकी मला म्हणाली, "बाई, रागावू नका, पण तुमच्या मिक्सरचं भांडं नेलं होतं ना आबांनी? तुम्ही त्यात ताक घुसळता." मी दिलं तेव्हा उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं होतं. पण धुतलं होतं का खरंच? दोन रात्री मला झोप नाही. ज्या पोरीनं माझ्या ओट्यावर बाराखडी गिरवली, तिला मी आजारी पाडलं, हे मनातून जाईना. मी मिक्सरचं ते भांडं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

तिकडं सृष्टी भाकरी समोर घेऊन रडत होती. शेंगाचटणी नाही, शेंगाची पोळी नाही. आधीच दुधाचं सगळं बंद, आता हेही.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत आला तो कॅन न घेता. चालत आला होता. मला म्हणाला, "बाई, जरा चला माझ्यासंगं. एकट्याच्यानं व्हनार न्हाय." आम्ही पिंकीकडं गेलो. सिद्धू पाळीवर गेला होता. पिंकी सृष्टीची वेणी घालत होती. श्रीमंत उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"पिंकी, शेंगा बंद करू नगंस. शेंगानं झालेलं न्हाय. बाईंच्या मिक्सरनं बी न्हाय." त्याचा आवाज नेहमीसारखा शांत होता, पण हातातली टोपी तो पिळत होता. "गिलास नवा हुता. घरातनं पहिल्यांदा भाईर चालला हुता. मी दुधाच्या चरवीत बोट बुडवलं आन तळाला थेंब सोडला. मुद्दाम न्हाय केलं. हात गेला. दवाखान्यात गिलास बघितला आन ध्यानात आलं."

पिंकीचा हात वेणीत थांबला. "दवाखान्यात कळलं होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत? दोन दिवस झाले."

"बोललो असतो तर तू हिला माझ्याजवळ येऊ दिली नसतीस."

पिंकी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "नाहीच देणार. आबा, आता तुम्ही तिला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा." आणि वेणी घालू लागली. सृष्टी एकदा आईकडं, एकदा आजोबाकडं बघत होती. श्रीमंतनं मान हलवली आणि तो निघाला.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी स्वतःला खात बसले होते आणि हा सगळं जाणून होता. मी त्याला कॉलनीच्या वळणावर गाठलं आणि चौथीच्या पोराला झापावं तसं झापलं. तो उभा राहून ऐकत होता. मग मला आठवलं की ती बोटाची खोड बावीस वर्षं मी रोज बघत होते, डबे दोनदा घासत होते, आणि नवा पेला बघून मलासुद्धा हे सुचलं नव्हतं. मी बोलायची थांबले. तो म्हणाला, "बोला की. तुमचं संपलं तर माझं मला सुरू व्हतंय."

शेंगा पुन्हा सुरू झाल्या. तपासणीतही शेंगा निर्दोष निघाल्या. श्रीमंत रोज दूध घालून जायचा, पण सृष्टीची शाळा सुटायच्या वेळेला यायचं त्यानं बंद केलं. माझं पातेलं पुढं आलं की सरळ माप ओतायचा. पहिल्या दिवशी ते बघून मला चुकल्यासारखं झालं. पाण्यावरूनही मी त्याला छेडलं नाही. असे पाच आठवडे गेले. सृष्टी रोज विचारायची, आबा का येत नाहीत? पिंकी विषय बदलायची. कटिंगला एकदा तिचं माप चुकलं आणि वीस शर्टांच्या बाह्या आखूड झाल्या, तेव्हा मला कळलं की तिच्याही मनातून ते गेलेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो दुपारी आला. अंगावर धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. माझ्या नळावर त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. पिंकी आणि सृष्टी माझ्याच घरी होत्या, पिंकी माझा परकर शिवून देत होती. तो दारातच बसला आणि पिशवीतल्या वस्तू एकेक काढून फरशीवर ठेवू लागला. भाजून सोललेले दाणे. कोकोचा डबा, सील न फोडलेला. गुळाचा खडा. ज्वारीच्या पिठाची पुडी. शेवटी रुमालात गुंडाळलेला सृष्टीचा नावाचा पेला.

"तूच कर," तो पिंकीला म्हणाला. "मी हात लावत न्हाय. हितंच बसतो."

पिंकीनं पेला उचलला. उजेडात धरला, जशी ती पुडे धरते. आत बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. पेला कोरडा ठणठणीत होता. मायाक्काचा पोरगा, बासष्ट वर्षांचा, जनावराच्या घरातून कोरं भांडं घेऊन आला होता. पिंकीला ती वाटीची गोष्ट माहीत नव्हती. मी तिला तिथंच सांगितली, श्रीमंतच्या समोर, थेंबाची आणि आंबिलीची.

पिंकीनं दाणे भिजत टाकले. चार तास सृष्टी आबाच्या शेजारी बसून त्याला गणितं घालत होती आणि तो मुद्दाम चुकत होता. संध्याकाळी पिंकीनं माझ्या मिक्सरच्या नव्या भांड्यात वाटलं, पिळलं, कोको आणि पीठ लावलं. ढवळताना गुठळ्या होऊ लागल्या तशी श्रीमंतची मान लांब झाली, पण तो जागचा हलला नाही. पातेलं खाली उतरवून तिनं गूळ घातला. मग नावाचा पेला घेऊन दारापाशी आली.

"हात दाखवा, आबा."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले आणि पेला त्यांत ठेवला. "तुम्हीच भरा."

त्याला उठायला वेळ लागला. ओट्याशी गेला, डाव्या हातात पेला, उजव्यात पळी. ओतायच्या आधी त्याची तर्जनी आपोआप पेल्याच्या काठापर्यंत गेली. आम्ही तिघींनीही पाहिलं. त्यानं बोट मागं घेतलं, नळाखाली धरलं, सदऱ्याला न पुसता तसंच हवेत वाळवलं आणि मग पेला काठोकाठ भरला.

सृष्टीनं दोन्ही हातांनी धरून घोट घेतला. वरच्या ओठावर तपकिरी मिशी आली. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि माझ्याकडून शिकलेलं विचारलं, "आबा, पाणी किती घातलंय?"

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

निघायच्या वेळी पिंकीनं पेला घासला, फडक्यानं आतून-बाहेरून कोरडा केला आणि त्याच्या पिशवीत टाकला. "हा कुंभारीलाच राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आम्ही येतोय. तिला तिथं प्यायला लागेल."